जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी



आपल्या आंबी-तळेगाव भागात बऱ्याच घरी एखादा जुना संगणक कापड टाकून ठेवलेला दिसतो. दुकानदार म्हणतो, ‘हा आता चालणार नाही, नवा घ्या.’ हे अर्धेच खरे आहे. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र बिघडलेले नसते, त्यावरील प्रणाली तेवढी जुनी झालेली असते.

ती प्रणाली बदलता येते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली ‘लिनक्स’चा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. त्यावर उभ्या राहिलेल्या बहुतेक प्रणाली विनामूल्य मिळतात व त्यांची प्रत दुसऱ्यास देणे कायदेशीर आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली याच जातीची. जुन्या यंत्राला ‘लिनक्स मिंट’ची एक्सएफसीई आवृत्ती मानवते, तिला किमान २ जीबी, पण खरे तर ४ जीबी मेमरी हवी.

प्रथम आपल्या सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. मी पहिल्या खेपेस हे केले नाही आणि मुलीची शाळेतली छायाचित्रे कायमची गेली. दोष माझाच. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी लेखन असेल तर तो फॉन्टही बरोबर घ्यावा, नाहीतर अहवालाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतील. शक्य असल्यास ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे.

नंतर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर प्रणाली उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा. काहीही न पुसता ती चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज व प्रिंटर तपासावा; प्रिंटर बहुधा रुसतो. समाधान झाल्यावरच हार्ड डिस्कवर बसवावी. हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकल्यास वेग लक्षणीय वाढतो.

अभ्यासाचे व्हिडिओ, अर्ज भरणे, ‘लिब्रेऑफिस’मध्ये लेखन व हिशेब, इन्स्क्रिप्टने मराठी टंकलेखन, ही कामे व्यवस्थित होतात. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही. काही ऑनलाइन परीक्षांचे सॉफ्टवेअरही फक्त विंडोजवरच चालते. परीक्षार्थींनी आधी चौकशी करावी, परीक्षेच्या आदल्या रात्री प्रणाली बदलू नये! शिकण्यासाठी आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ मोफत आहेत.

पेन ड्राइव्ह तयार करून हवा असल्यास रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. फाइलींची प्रत मात्र घरूनच काढून आणावी.