मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याचे माप का घेतात?

मोर्शी-वरूड भागात संत्र्याची तोड सुरू झाली की मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले जाते. "आंबिया बहार निघू द्या, तोवर मोतीबिंदूही पिकेल," असे घरची मंडळी सांगतात. काही आठवडे थांबल्याने सहसा बिघडत नाही. पण मोतीबिंदू मुद्दाम पिकू देण्यात तोटा आहे.

बाहेरून आलेले प्रकाशकिरण वळून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमके एकत्र आले, तरच स्पष्ट दिसते. हे वळवण्याचे बहुतेक काम डोळ्याची पुढची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल करते. साधारण ४३ डायॉप्टर. उरलेले २० च्या आसपास आतले नैसर्गिक भिंग करते. मोतीबिंदू म्हणजे हेच भिंग गढूळ होणे. ते काढले की त्याची शक्तीही जाते, म्हणून जागेवर कृत्रिम लेन्स बसवतात. पूर्वी लेन्स नव्हती, तेव्हा ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा लागायचा.

लेन्स किती नंबरची हवी, हे प्रत्येक डोळ्याचे वेगळे असते. त्यासाठी पारपटलाची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजतात. लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर. तिच्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर ऑपरेशननंतर अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागू शकतो. लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९-५० मध्ये पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तेव्हा ऑपरेशन जमले, पण रुग्णाला मोठा मायनस नंबर आला. लेन्सची शक्ती जास्त झाली होती.

आज लांबी शक्यतो प्रकाशाने मोजतात; यंत्र डोळ्याला टेकतही नाही. मात्र पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूतून हा प्रकाश पार जात नाही. मग ध्वनिलहरींचा ए-स्कॅन करावा लागतो. डोळा थेंबांनी सुन्न करतात, त्यामुळे दुखत नाही. पण टोक जरासे जास्त दाबले गेले तर डोळा आखूड मोजला जातो आणि लेन्स जास्त शक्तीची निवडली जाते. अनुभवी हातांनी हे टाळता येते, तरी वेळेत आलेल्या रुग्णाचे माप घेणे सोपे. शिवाय पिकलेला मोतीबिंदू काढायलाही अवघड.

मापाच्या दिवशी काही गोष्टी आठवणीने सांगा: पूर्वी चष्मा घालवण्याचे लेसर ऑपरेशन झाले आहे का, डोळ्याला मार लागला होता का. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा. उन्हाधुळीत काम करणाऱ्यांच्या बुबुळावर मांस वाढते, त्यानेही गोलाई बदलते. जुना चष्मा सोबत न्या. दोन्ही डोळ्यांची मापे फार वेगळी आली आणि पुन्हा मोजायला बसवले, तर वैतागू नका.

साधी लेन्स एकाच अंतराला स्पष्ट दाखवते. बहुतेकांना ती दूरची बसवतात, म्हणून पेपर वाचायला चष्मा लागतो. ऑपरेशन फसले असे नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईंना कदाचित जवळचे जास्त हवे असेल. तुमचे काम काय, हे लेन्स ठरण्याआधी डॉक्टरांना सांगा. शिबिरात ऑपरेशन झाले तरी लेन्सचा नंबर लिहिलेले कार्ड मागून घ्या, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी कामी येते.

आणि मोतीबिंदू असलेला डोळा अचानक लाल होऊन खूप दुखू लागला, तर बहार, तोड काही न बघता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.