रशियन भाषा आणि मराठी विद्यार्थी

बारामती आणि इंदापूर हे तालुके ऊंस, द्राक्षें आणि डाळिंबें यांकरितां प्रसिद्ध आहेत. अलीकडे तेथील कांहीं घरांतून मुलेंमुली वैद्यकीच्या शिक्षणाकरितां रशियासारख्या स्लाव देशांत जाऊं लागलीं आहेत. बारामतीस २०१९ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे खरें. परंतु जागा थोड्या, इच्छुक अनेक आणि खासगी महाविद्यालयांचें शुल्क जबर, असा हा पेंच आहे. २०२२ सालीं युद्धामुळें युक्रेनमधून हजारों भारतीय विद्यार्थ्यांस परतावें लागलें, तरी हा ओघ थांबलेला नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत इंदापूर तालुक्यांतील एका परिचित गृहस्थांच्या घरीं अशाच एका मुलीच्या प्रस्थानाची तयारी चालली होती. भाजणी, मेतकूट, लोकरीचे कपडे, सर्व बांधून झालें होतें. ‘भाषेचें काय?’ असें मीं विचारलें, तेव्हां ‘तेथें सर्व इंग्रजींतच शिकवतात’ असें उत्तर मिळालें.

तें उत्तर अर्धेंच खरें आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें, परदेशीं वैद्यकी शिकून भारतांत परवाना मिळवूं इच्छिणाऱ्यास किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमांतून पुरा करावा लागतो आणि त्याच परदेशी संस्थेंत आणखी १२ महिने रुग्णालयांत उमेदवारी करावी लागते. व्याख्यान इंग्रजींत होईल. परंतु खाटेवर पडलेली रशियन आजीबाई इंग्रजी कशी बोलणार? तिला ‘श्तो उ वास बलीत?’ म्हणजे ‘आपलें काय दुखतें?’ असेंच विचारलें पाहिजे. आणि तिचें उत्तर कळलें नाहीं, तर कळ पोटांत आहे कीं छातींत, हेंही कळणार नाहीं.

माझें म्हणणें असें, कीं या भाषेकडे इंग्रजीच्या दारानें न जातां मराठीच्या दारानें जावें. इंग्रजी शिकलेला मनुष्य रशियन लिंगभेद पाहून गांगरतो. आपणांस गांगरण्याचें कारण नाहीं. तो, ती, तें, तसेंच ओन, अना, अनो. भूतकाळीं मुलगा ‘मी गेलों’ म्हणतो आणि मुलगी ‘मी गेलें’ म्हणते. रशियन क्रियापदही असाच भेद पाळतें. ‘हा माझा भाऊ’ या वाक्यांत आपणांस क्रियापद लागत नाहीं, त्यांच्या ‘एता मोय ब्रात’ यांतही लागत नाहीं. विभक्ति सहा आहेत. शाळेंत आठ विभक्ति पाठ केलेल्या माणसानें सहांना काय भ्यावें? लिपि नवी, पण अक्षरें ३३ च.

शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटतात. ‘ब्रात’ म्हणजे भ्राता, ‘सेस्त्रा’ म्हणजे स्वसा, ‘अगोन्य’ म्हणजे अग्नि, आणि ‘झिमा’ म्हणजे हिंवाळा, यांत आपलें हिम आहे. नवऱ्याच्या भावास रशियनमध्यें ‘द्येव्हेर’ म्हणतात; संस्कृतांत तोच देवर आणि आपल्या घरांत दीर. मोरोपंतांच्या बारामतींत तरी हें नातें समजावून सांगावें लागूं नये! मात्र यावरून रशियन ही संस्कृताची मुलगी, असा डांगोरा पिटणाऱ्यांच्या नादीं लागूं नये. दोन्ही भाषा एका प्राचीन कुळांतल्या, इतकेंच.

आतां आदराचा प्रश्न. तेथें प्राध्यापकांस ‘सर’ म्हणत नाहींत. त्यांचें नांव आणि वडिलांच्या नांवावरून साधलेलें नांव, अशी दोन्ही मिळून हांक मारतात. वडील इव्हान असतील तर मुलगा इव्हानोव्हिच, मुलगी इव्हानोव्हना. प्रत्येक अर्जावर वडिलांचें नांव मधोमध लिहिणाऱ्या मराठी मुलास ही रीत परकी कशी वाटावी? भेद एक आहे: लग्नानंतरही रशियन स्त्रीच्या नांवांतील वडील जात नाहींत. शिवाय तूं आणि तुम्ही यांचा भेद तेथेंही आहे. परक्यास व वडीलधाऱ्यास ‘व्ही’, जिवलगास ‘ती’. आईला ‘ती’ आणि देवालाही ‘ती’च. तुकोबांची पालखी ज्या इंदापुरावरून पंढरीस जाते, तेथें विठोबास कोणी ‘तुम्ही’ म्हणत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुरे.

रशियन दुकानदार अनोळखी ग्राहकाकडे पाहून हंसत नाहीं. तो रागावला आहे असें समजूं नये. घरांत जातांना जोडे दारांत काढतात आणि पाहुण्यास सपाता देतात. उंबरठ्यावरून हस्तांदोलन करणें किंवा वस्तु देणें अशुभ मानतात. फुलें न्यावयाचीं तर विषम संख्येनें न्यावीं, कारण सम संख्या मृतास वाहतात. एकावन्न, एकशें एक असा आहेर करणाऱ्यास हें सहज पटेल.

या देवघेवीस पुणें जिल्ह्यांत जुना दाखला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन चौलास उतरून घाट चढला आणि पावसाळ्यांत जुन्नरास राहिला. चार महिन्यांचा पाऊस आणि चिखल पाहून त्यानें त्या ऋतूस हिंवाळा म्हटलें! तेथील खानानें त्याचा घोडा अडकवून ठेवला. तो एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीनें सुटला. निकितिन या मुलखांतून निभावला तो परकी बोली तोंडीं बसवून. त्याच्या प्रवासवृत्तांत रशियन मजकुराच्या मध्येंच फारसी-तुर्की वाक्यें येतात. त्वेर येथें व्होल्गा नदीच्या कांठीं १९५५ पासून त्याचा पुतळा आहे, आणि त्याच शहराच्या वैद्यकीय विद्यापीठांत आज भारतीय मुलें शिकत आहेत.

तेव्हां निघण्यापूर्वीं पांच-सहा महिने तरी अभ्यास करावा. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्यें विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागांत रशियन शिकवितात.

आणखी एक. तेथें महाविद्यालयांत वा रुग्णालयांत ओव्हरकोट घालून आंत जाणें, म्हणजे आपल्याकडे चपला घालून माजघरांत जाणें. कोट दाराशीं एका बाईच्या स्वाधीन करावयाचा. ती तो गळपट्टीच्या नाडीनें खुंटीस टांगते, आणि नाडी नसली तर चार शब्द ऐकविते. हें मीं इंदापुराकडील त्या घरीं सांगितलें, तेव्हां मुलीच्या आजीनें बांधलेली पेटी पुन्हां उघडविली आणि सुईदोरा मागविला.