हिशेबाबाहेरचा चांगुलपणा

गोदाघाटावरच्या ज्या पटांगणात वैशाखातल्या संध्याकाळी आपण व्याख्याने ऐकायला जमतो, ते यशवंतराव महाराजांच्या नावाने ओळखले जाते. ‘यशवंतराव महाराज पटांगणावर भेटू,’ असे आपण सहज म्हणून जातो. पण हे महाराज कोण, असे एखाद्या परगावच्या पाहुण्याने विचारले, तर आपल्यापैकी पुष्कळांची थोडी अडचणच होते. ‘मोठे सत्पुरुष होऊन गेले,’ एवढे सांगून आपण विषय बदलतो. आजच्या विषयाचा आरंभ मात्र त्यांच्यापासूनच करणे योग्य. परतफेडीची अपेक्षा न ठेवता चांगले वागणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण आपल्याला मिळणार नाही.

यशवंत महादेव भोसेकर हे त्यांचे नाव. जन्म १८१५ सालचा. ते संन्यासी नव्हते की कोणत्या मठाचे अधिपती नव्हते. ते होते इंग्रजी अमदानीतले सरकारी नोकर. कारकुनीपासून आरंभ करून ते मामलेदारीपर्यंत चढले आणि खानदेशात ठिकठिकाणी बदल्या होत होत सटाण्यास आले. १८७०-७१ साली बागलाणात दुष्काळ पडला. कचेरीच्या आत सरकारी खजिना आणि कचेरीच्या दाराशी उपाशी माणसे, असा तो प्रसंग होता. मामलेदारांनी खजिना उघडला आणि पैसा लोकांना वाटून टाकला. ही रक्कम १ लाख २७ हजार रुपये होती, असे सांगतात. पुढे वरिष्ठ तपासणीस आले, खजिना मोजला, तो पुरेपूर भरला, अशीही कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. लोक त्यांना ‘देव मामलेदार’ म्हणू लागले. १८८७ साली नाशिकलाच त्यांनी देह ठेवला. सटाण्यास मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते.

खजिना भरला तो कसा, या वादात आज आम्हांला शिरावयाचे नाही. श्रद्धेने ही कथा ऐकणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. आम्हांला विचार करावयाचा आहे तो एका वेगळ्या क्षणाचा. मामलेदारांनी ज्या वेळी कुलपाला किल्ली लावली, त्या वेळी हा खजिना पुन्हा भरेल असे आश्वासन त्यांना कोणी दिलेले नव्हते. सरकारी तिजोरीत तूट येणे म्हणजे नोकरी, पेन्शन आणि अब्रू या तिन्हींवर पाणी सोडणे, हे जन्मभर सरकारी दप्तर सांभाळलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. तरीही त्यांनी किल्ली फिरवली. त्यांचा मोठेपणा त्या किल्ली फिरवण्यात आहे. पुढे काय झाले ही नंतरची गोष्ट.

पण आपण ही गोष्ट सांगताना भर कशावर देतो? खजिना भरल्यावर! चांगुलपणाची परतफेड झाली, जमाखर्च जुळला, असे ऐकल्याखेरीज आपल्या मनाला चैन पडत नाही. खजिना रिकामाच निघाला असता आणि मामलेदार नोकरीस मुकले असते, तर त्यांचे कृत्य कमी चांगले ठरले असते काय? या प्रश्नाचे उत्तर आपण ज्या दिवशी मनापासून ‘नाही’ असे देऊ, त्या दिवशी निरपेक्षता म्हणजे काय ते आपल्याला कळले असे समजावे.

आपल्या संसारात हिशेबाला जागा नाही असे मात्र नाही. लग्नघरी आहेराची वही असते. कोणी काय दिले ते तीत लिहिलेले असते आणि उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही उघडून पाहिली जाते. यात काही वाईट नाही. देण्याघेण्याने नाती टिकतात, अडल्या वेळी शेजार उभा राहतो. घोटाळा होतो तो ही वही चांगुलपणालाही लावली म्हणजे. ‘त्यांच्या आजारपणात आम्ही रात्ररात्र जागलो, आणि आता रस्त्यात भेटले तर ओळखसुद्धा देत नाहीत!’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, बोललेही आहे. त्या जागरणाला आपण मागाहून भाव लावला. जागरण झाले त्या रात्री त्या घराला आधार मिळाला, तेवढ्यावर ते काम पुरे झाले होते.

परतफेड म्हणजे काही केवळ पैसाच नव्हे. एकाला उपकाराची जाणीव हवी असते, दुसऱ्याला नाव हवे असते, तिसऱ्याला पुण्य हवे असते. कोणी काहीच मागत नाही, पण ‘मी किती चांगला’ हा विचार रात्री उशाशी घेऊन झोपतो. यांतली शेवटची मागणी सर्वांत सूक्ष्म. ती अजिबात मनात येऊ नये असे आम्ही म्हणत नाही. माणसाचे मन आहे, ते येणारच. ती पुरी झाली नाही तरी काम चालू राहते की नाही, एवढेच पाहावे.

याची परीक्षा उन्हाळ्यात रस्त्यावरच होते. चैत्र लागला की चौकाचौकांत पाणपोया सुरू होतात. रांजण मांडतात, त्यांभोवती ओले गोणपाट गुंडाळतात, हार घालतात, छायाचित्र निघते. हे सर्व पहिल्या दिवशी. पंधरा दिवसांनी त्याच रस्त्याने जाऊन पाहावे. कुठे रांजण कोरडा पडलेला असतो, कुठे तळाशी गाळ साचलेला असतो, कुठे साखळीला पेलाच नसतो. मातीच्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि त्यामुळे आतले पाणी गार राहते. ती छिद्रे गाळाने व क्षारांनी बुजली म्हणजे पाणी गार होईनासे होते. म्हणून रांजण घासावा लागतो, पाणी रोज बदलावे लागते. हे काम करणाऱ्याला हार नसतो. पाणी पिणारा तोंड पुसून चालू लागतो. ते पाणी सकाळी कोणी भरले, हे तो विचारीत नाही आणि विचारण्याचे त्याला कारणही नाही. पाणपोई उघडणे हा समारंभ आहे. ती वैशाख संपेपर्यंत भरलेली ठेवणे हा चांगुलपणा आहे.

असे काम जन्मभर करणारा एक माणूस आपल्या नाशिकने जवळून पाहिला आहे. गाडगे महाराजांनी येथे उभारलेली धर्मशाळा यात्रेकरूंच्या परिचयाची आहे. १८७६ साली विदर्भात जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले हे महाराज गावात आले की आधी खराटा हाती घेत. रस्ते झाडून झाले म्हणजे मग रात्री कीर्तन. कोणी पाया पडू लागला तर ते पडू देत नसत. झाडलेल्या रस्त्यावर झाडणाऱ्याचे नाव राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेथे पुन्हा कचरा पडतो. आभार मिळतील म्हणून हे काम हाती घेणारा दुसऱ्याच गावी खराटा टाकून देईल.

येथे एक शंका कोणी घेईल. अपेक्षाच ठेवली नाही तर लोक आपला गैरफायदा घेणार नाहीत काय? घेतील, कधी कधी घेतीलही. परंतु निरपेक्षता म्हणजे भोळेपणा नव्हे. उसने नेलेले पैसे परत मागणे हा व्यवहार आहे आणि तो चोख असावा. द्यावयाचे नसेल तेव्हा ‘नाही’ म्हणता यावे. कुढत देण्यापेक्षा सरळ नकार बरा. दिलेले मात्र मनातून सुटले पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे ते त्याला दया म्हणून देऊ नये. या पटांगणापासून काळाराम मंदिर काही दूर नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे तो काही वर्षे चालला. सत्याग्रहींना कोणाची मेहेरबानी नको होती. माणूस म्हणून त्यांची जी बरोबरी, ती त्यांना हवी होती. ज्या काळी पाणी वरून ओंजळीत ओतले जाई, त्या काळी ओतणारा स्वतःला दयाळू समजत असेल. पिणाऱ्याला काय वाटत होते, हे त्याने विचारले नाही. ज्या चांगुलपणात घेणाऱ्याची मान खाली जाते, त्याची किंमत घेणाऱ्याने आधीच मोजलेली असते. त्याला निरपेक्ष म्हणता येणार नाही.

तेव्हा रोजच्या जीवनात करावयाचे काय? खजिना उघडण्याचे प्रसंग आपल्यापैकी फारच थोड्यांवर येतात. पण सरकारी कचेरीत अर्ज कसा भरावा हे न कळून उभा असलेला खेडूत आपल्याला रोज दिसतो. दवाखान्यात रात्री एकट्या बसलेल्या बाईंना चहा विचारता येतो. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांचे औषध आपल्या औषधांबरोबर आणता येते. यांतले एकही काम वहीत लिहिण्याजोगे नाही, आणि तेच त्याचे भाग्य होय. करावे आणि विसरावे. विसरणे न जमले तर निदान बोलून दाखवू नये.

व्याख्यान संपले म्हणजे आपण घाटाच्या पायऱ्या चढून घरोघरी जाऊ. वाटेत एखादी पाणपोई लागेल. तिचा रांजण रिकामा असेल, तर तो कोणी मांडला याची चौकशी करीत बसू नये. घरून एक घागर आणून त्यात ओतावी आणि घरी परतावे.