मायक्रोटिकवर कोणतं व्हर्जन ठेवावं?

मायक्रोटिक वापरणाऱ्यांनो, अपडेट करण्याआधी ‘चॅनेल’ हा पर्याय नीट बघा. राउटरओएसचे चार चॅनेल आहेत:

🔹 लाँग-टर्म: नवी फीचर्स नाहीत, फक्त महत्त्वाच्या दुरुस्त्या. ऑफिस, सोसायटी, केबलवाल्यांसाठी हेच बरं.
🔹 स्टेबल: दुरुस्त्या अधिक नवी फीचर्स. एखादं नवं फीचर हवंच असेल तर हे घ्या.
🔹 टेस्टिंग आणि डेव्हलपमेंट: घरच्या लॅबपुरतं ठीक. गिऱ्हाइकाच्या लाइनवर अजिबात नको!

पण ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हेही महागात पडतं. एप्रिल २०१८ मध्ये विनबॉक्समधली गंभीर त्रुटी ६.४२.१ मध्ये बुजवली गेली. तरी अपडेट न केलेले लाखावर राउटर पुढे हॅकर्सच्या हाती लागले आणि क्रिप्टो मायनिंगसाठी वापरले गेले.

अपडेटआधी:
✅ चेंजलॉग वाचा
✅ बॅकअप आणि एक्सपोर्ट, दोन्ही फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या
✅ जुन्या व्हर्जनची फाइल हाताशी ठेवा

रीबूट झाल्यावर ‘सिस्टिम’मधल्या ‘राउटरबोर्ड’मध्ये जाऊन फर्मवेअर वेगळं अपग्रेड करा आणि पुन्हा एकदा रीबूट द्या. बरेच जण हेच विसरतात.

तुमच्या राउटरवर कोणतं व्हर्जन आहे? आजच तपासा!