शेतीचा शिक्षक कशाने घडतो?

शेती हा विषय शिकवायला कोण लायक? कृषिपदवी असलेला, असं एक उत्तर. ज्याचे हात मातीत मळलेत तो, असं दुसरं. ही दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत, असं आम्हाला वाटतं. वर्षानुवर्षं शेत कसणारा प्रत्येक माणूस शिक्षक होत नाही. मग कोणते अनुभव माणसाला शेतीचा शिक्षक बनवतात? एका माणसाचं आयुष्य यासाठी तपासून पाहू.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्याकडे परिचयाचं आहे ते वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे. शेंगदाण्यापासून शेकडो पदार्थ करणारा शास्त्रज्ञ, ही त्याची ओळख. (पीनट बटर मात्र त्याने शोधलेलं नाही; त्यासारख्या पदार्थाचं पेटंट १८८४ सालीच दुसऱ्याने घेतलं होतं.) पण त्याची नेमणूक झाली होती ती शेती शिकवण्यासाठी.

जॉर्ज १८६४च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मला. तान्हा असताना दरोडेखोरांनी त्याला आईसकट पळवलं. तो परत मिळाला, आई मिळाली नाही. प्रकृती नाजूक, म्हणून शेतातली जड कामं त्याच्या वाट्याला आली नाहीत. तो घरात स्वयंपाक, धुणं, शिवण शिकला आणि उरलेल्या वेळी रानात भटकला. रानातली रोपं आणून त्याने स्वतःची गुप्त बाग केली. कोणतं रोप सावलीत तगतं, कोणतं उन्हात, हे तो बघत राहिला. शेजारीपाजारी आपली आजारी झाडं त्याच्याकडे आणू लागले.

इथे दोन गोष्टी घडल्या. एक, निरीक्षणाची सवय लागली. दुसरी, आपल्याला कळलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, हा अनुभव लहानपणीच आला. शिक्षकपणाची सुरुवात इथेच होते.

पुढचा अनुभव कडू होता. कॅन्सस राज्यातल्या एका महाविद्यालयाने त्याला प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर, काळा आहे म्हणून, नाकारला. १८८६ साली त्याने त्याच राज्याच्या कोरड्या पश्चिम भागात सरकारी पडीक जमीन घेतली. गवताळ मातीच्या ढेकळांचं घर बांधलं आणि एकट्याने शेती केली. पाऊस पुरेना. दोनएक वर्षांत त्याने ती शेती सोडली. पण हातात पैसा नसलेला शेतकरी कसा जगतो, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने समजलं.

यानंतर आयोवातल्या महाविद्यालयात तो चित्रकला शिकू लागला. वनस्पतींची त्याची ओढ पाहून चित्रकलेच्या शिक्षिकेनेच त्याला कृषिशास्त्राकडे वळवलं. १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळाली. बुरशीजन्य रोगांचा त्याचा विशेष अभ्यास झाला. म्हणजे अनुभव आधी आला आणि त्याची कारणं सांगणारं शास्त्र नंतर भेटलं. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

१८९६ साली तो अलाबामा राज्यातल्या टस्कीगी या काळ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेत शिकवायला गेला. प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांसह उकिरड्यांवरून बाटल्या, डबे, तारा गोळा करून त्याने ती उभारली. भोवतालचे बहुतेक शेतकरी दुसऱ्याची जमीन बटईने कसत. वर्षानुवर्षं कापसामागून कापूस घेऊन माती निकस झालेली. विकतचं खत या शेतकऱ्यांना परवडत नसे. म्हणून कार्व्हरने पालापाचोळा, दलदलीतला गाळ आणि शेणखत यांवर भर दिला. कापसानंतर चवळी, भुईमूग घ्या, असं सांगितलं.

यामागचं शास्त्र सोपं आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. कडधान्यं आणि भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतल्या नायट्रोजनचं पिकाला घेता येईल अशा रूपात स्थिरीकरण करतात. त्या बदल्यात वनस्पती त्यांना साखर पुरवते. मुळं आणि पाला जमिनीत कुजला, तर त्यातला नत्र पुढच्या पिकाला मिळतो.

हे सगळं वर्गात सांगून भागणार नव्हतं, कारण शेतकऱ्यांना शाळेत यायला सवड नव्हती. म्हणून १९०६ साली शाळाच गाडीवर चढली. अवजारं, बियाणं, लोणी काढायची साधनं घेऊन घोडागाडी गावोगाव फिरू लागली. शेतकऱ्यांसाठी कार्व्हर साध्या भाषेत पुस्तिका लिही. १९१६च्या भुईमुगावरच्या पुस्तिकेत लागवडीबरोबर १०५ पाककृती होत्या. लहानपणी शिकलेला स्वयंपाक इथे उपयोगी पडला. नवं पीक पिकवा म्हणताना ते घरात कसं खायचं हेही सांगायला हवं, हे त्याला कळत होतं.

आता आपल्या वर्गाकडे वळू. खेड्यातल्या शाळेत कितीतरी मुलांनी वाफसा हाताने ओळखलेला असतो, कांद्याची रोपं लावलेली असतात, भाव पडल्यावर घरातला अबोला सोसलेला असतो. हे ज्ञान आहे, असं मात्र त्यांना कुणी सांगत नाही. पुस्तकातली व्याख्या पाठ करणं म्हणजे शिकणं, अशी त्यांची समजूत होते. मग शेती येणारं मूल शेतीच्याच तासाला गप्प बसतं.

एक प्रयोग करून पाहा. खरिपात पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी मूग, चवळी किंवा भुईमुगाचं रोप मुलांना मातीच्या गड्ड्यासह उकरायला सांगा. उपटू नका, गाठी तुटतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा. गाठी मोजा, नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. खरी गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि सहज सुटते. मूळच जागोजाग सुजलेलं दिसलं, तर तो सूत्रकृमींचा उपद्रव असू शकतो. दोन वेगवेगळ्या शेतांतली रोपं आणली, तर फरक का पडला यावर तास रंगेल.

त्या तासाला कोणत्या शेतात गेल्या वर्षी काय होतं, शेणखत कधी पडलं, हे मुलांनाच विचारा. ती माहिती आपल्याकडे नसते, त्यांच्याकडे असते. आपण त्यांना कारण द्यायचं, त्यांनी आपल्याला शेत दाखवायचं. अशा वर्गातून उद्याचा एखादा शेतीचा शिक्षक घडेल. तो नाही घडला, तरी घरच्या शेताकडे 'का' विचारत बघणारी मुलं नक्की घडतील.