लाल इंजेक्शनाची तारीख

काचेची ती बाटली करंगळीच्या पेराहून फार मोठी नसते. उजेडात धरली की आतलं औषध डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल दिसतं. हा रंग रेणूच्या मधोमध बसलेल्या कोबाल्टपायी येतो. सगळ्या जीवनसत्त्वांत धातू बाळगणारं हे एकटंच, बी-१२. धुळ्या-जळगावकडे अजूनही पुष्कळजण त्याला ‘ताकदीचं लाल इंजेक्शन’ म्हणतात. ‘पोऱ्याले अशक्ती शे’ म्हणत आई दवाखान्यात येते, दोन-चार इंजेक्शनं होतात, पोर खेळायला लागतं आणि विषय संपतो.

बहुतेक वेळा तो तिथंच संपायलाही हरकत नसते, कारण दोष ताटाचा असतो. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी. आपल्या या जेवणात चव आहे, कस आहे, पण बी-१२ जवळजवळ नाही. ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मटण यांतून पोचतं. माळकरी, जैन किंवा कुठल्याही शाकाहारी घराची सगळी भिस्त दुधा-दह्यावर. त्यात दूध डेअरीत घालून घरात चहापुरतंच ठेवलं, तर तीही गेली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हा आकडा ८१ टक्के, म्हणजे बऱ्या परिस्थितीतली माणसंच जास्त रिकामी. पुढे याच गटाच्या अभ्यासात रोज अवघे २ मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडानं दिलं, तर रक्तातलं प्रमाण वाढलं. पोटात गेलेलं त्यांच्या अंगी लागत होतं. ते पोटात जातच नव्हतं.

मला बोलायचं आहे ते ज्यांच्या पोटात जातं आणि तरी अंगी लागत नाही, त्या मोजक्या मुलांबद्दल. घरात दूध आहे, अंडं आहे, कधी मटणही आहे, तरी पोर पांढरं पडतं, जीभ लाल-गुळगुळीत होते, वजन वाढत नाही. इंजेक्शनं दिली की महिनाभरात टवटवीत होतं. काही महिने किंवा वर्ष-दोन वर्षं बरी जातात आणि पुन्हा तेच. हे ‘पुन्हा’ फार महत्त्वाचं आहे.

बी-१२चा शरीरातला प्रवास हातोहात चालतो. जठरातलं आम्ल त्याला अन्नातून सोडवतं. मग जठरातच तयार झालेलं एक प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत नेतं. तिथल्या पेशींवर फक्त या जोडीलाच ओळखणारं दार असतं. जठरातल्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला, तर नेणारा नाही. दाराच्या दोन जनुकांपैकी एकात असला, तर दारच उघडत नाही. दुसऱ्या प्रकाराचं वर्णन १९६० साली नॉर्वेच्या ओल्गा इमर्सलुंड आणि फिनलंडचे राल्फ ग्रॅसबेक यांनी केलं, म्हणून आजाराला त्या दोघांचं नाव. यातल्या बऱ्याच मुलांच्या लघवीतून थोडं प्रथिन जातं. मूत्रपिंड गेलं की काय म्हणून आईबाप हादरतात. पण सहसा त्यानं मूत्रपिंड खराब होत नाही.

आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक. मामाची मुलगी करायची रीत जिथे आहे, तिथे ती प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. म्हणून भावंडांचंही रक्त तपासावं. सुनेनं गरोदरपणात काय खाल्लं, तिचं दूध कसं होतं, यावरून तिला बोल लावणं मात्र थांबवा. या आजारात तिचा काही दोष नाही.

धोका आहे तो नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचा. तिनं रक्त सुधारतं, चेहऱ्यावर लाली येते, पण आत नसांची झीज चालूच राहते. मुंग्या, तोल जाणं, शाळेत मागं पडणं हे मग उशिरा कळतं आणि सगळं भरून येतंच असं नाही. पोर वारंवार पांढरं पडत असेल, तर ‘अशक्ती’वर न थांबता बी-१२ आणि होमोसिस्टीन तपासायला सांगा, बालरोगतज्ज्ञांशी जनुक-तपासणीचं बोला.

उपाय साधा आहे: तेच लाल इंजेक्शन, आतड्याला वळसा घालून थेट स्नायूत. सुरुवातीला लागोपाठ, नंतर डॉक्टर ठरवतील त्या अंतरानं, बहुतेकदा महिन्याला एक. पण जन्मभर. यकृतात साठा असल्यामुळे एखादी तारीख चुकली तर काही जाणवत नाही, दुसरी चुकली तरी नाही, आणि घरात हळूच म्हटलं जातं, ‘आता बरा आहे की.’ अशा घरातल्या कॅलेंडरवर एकादशी आणि गॅस सिलिंडरच्या शेजारी त्या तारखेभोवती गोल हवा. मे महिन्यात पोर मामाकडे रावेर-यावलला निघालं, तर पिशवीत कपड्यांबरोबर बाटली, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बाटली खोक्यातच राहू द्यायची, कारण उजेडानं औषध बिघडतं, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीच्या काचेपाशी तर मुळीच ठेवायची नाही.