वाऱ्याच्या भाराचा हिशेब

भर पावसाळ्यांत उघडी छत्री वाऱ्यासमोर धरली, म्हणजे हवेच्या अंगीं किती जोर असतो हें तत्काळ कळून येतें. दांडा हातांतून निसटूं पाहतो, कापड उलटें होतें. हा जोर नेमका किती, हें छत्रीच्या बाबतींत कोणी विचारीत नाहीं. परंतु पूल, विमान किंवा उंच मनोरा बांधावयाचा असेल, तर तो आधीं आंकड्यांत सांगावा लागतो. हल्लीं हें काम बहुतांशीं गणकयंत्राकडे सोंपविलें जातें.

हवा असो वा पाणी, वाहता पदार्थ वस्तूच्या पृष्ठभागावर दोनच प्रकारें बल लावतो. एक दाब, तो पृष्ठभागाशीं काटकोन करून आंत ढकलतो. दुसरें घर्षण, तें पृष्ठभागाला लागून प्रवाहाच्या दिशेनें ओढतें. गणिताच्या सोईसाठीं वस्तूभोंवतालची जागा लक्षावधि लहान घरांत विभागतात आणि प्रत्येक घरांतील वेग व दाब गतीच्या नियमांवरून काढतात. या विभागणीनें वस्तूच्या पृष्ठभागाचेही लहान लहान तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावरील दाबाला त्याच्या क्षेत्रफळानें गुणावयाचें, त्यांत घर्षणाचा वांटा मिळवावयाचा, आणि दिशा संभाळून सर्वांची बेरीज करावयाची, एवढीच ही रीत. दिशेला महत्त्व अशासाठीं, कीं वस्तूच्या पाठीवरील दाब तिला वाऱ्याविरुद्ध ढकलीत असतो. हातीं येणारा जोर हा पुष्कळदां दोन मोठ्या रकमांमधील लहानसा फरक असतो. म्हणून दाबांतील थोडी चूकही उत्तरांत मोठी होऊन दिसते.

या फरकानेंच गणितज्ञांना दीर्घकाळ चकविलें. १७५२ सालीं दालांबेर या फ्रेंच गणितज्ञानें घर्षण सोडून हिशेब मांडला, तेव्हां पुढचा व मागचा दाब तंतोतंत फिटला आणि वस्तूला होणारा विरोध शून्य आला! अनुभव तर याच्या अगदीं उलट. या कोड्याची किल्ली १९०४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्ल यानें दाखविली. पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या अत्यंत पातळ थरांत घर्षणाचा अंमल चालतो. त्यामुळें प्रवाह पाठीमागें पृष्ठभाग सोडून देतो, आणि तेथील दाब उतरतो. म्हणूनच गणकयंत्रांतील घरें पृष्ठभागाजवळ फार बारीक ठेवावीं लागतात. तीं जाड राहिलीं, तर बेरीज बिनचूक होऊनही उत्तर चुकतें.

पूर्वीं हें काम किती कष्टाचें होतें! जपानमधील कावागुती यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेलें एका दंडगोलाभोंवतालच्या मंद प्रवाहाचें गणित मेजावरील यांत्रिक गणकावर सोडविलें होतें. आठवड्याला २० तास याप्रमाणें त्यांना दीड वर्ष लागलें. आज तेंच गणित साधें गणकयंत्रही अल्पावकाशांत करतें.

परंतु वेगानें मिळालेलें उत्तर विचारलेल्या प्रश्नापलीकडे जात नाहीं. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील फेरीब्रिज येथें वीजकेंद्राचे पाणी थंड करणारे आठ मनोरे उभे होते. प्रत्येकाची उंची सुमारें ११४ मीटर. १ नोव्हेंबर १९६५ रोजीं वादळी वाऱ्यांत त्यांपैकीं तीन कोसळले. पडले ते वाऱ्याच्या तोंडावरचे नव्हत, मागच्या ओळींतले! आंकडेमोड गणकयंत्रावर झालेली नव्हती. पण तिच्यांतील उणीव गणकयंत्रालाही तशीच भोंवली असती. वाऱ्याचा वेग मिनिटभराच्या सरासरीनें धरला होता, त्यामुळें क्षणिक झोताचा जोर हिशेबांत आला नाहीं. दाबाचे आंकडे एकट्या उभ्या मनोऱ्यावरून घेतले होते. पुढील मनोऱ्यांमधून घुसळत येणारी हवा मागच्यांना कशी झोडपील, याचा विचार झाला नव्हता.

यास्तव जाणता अभियंता केवळ अखेरच्या बेरजेवर विसंबत नाहीं. भार कोणत्या तुकड्यावर व कोणत्या क्षणीं सर्वांत अधिक आला, शेजारच्या इमारती गणितांत धरल्या कीं नाहींत, आणि घरें आणखी बारीक केल्यास आंकडा बदलतो काय, हें तो आधीं तपासून पाहतो. मनोरा सरासरी वाऱ्यानें पडत नसतो; त्याला एक झोत पुरतो.